एकोणतिसाव्या अध्यायातली चिठ्ठी

अमरावती
१० जानेवारी २०२५

प्रिय सुभद्रे, सलाम.

तू अकोल्याला सुखरूप पोचलीस हे मला प्राजक्ताच्या मेसेजवरून कळलं. लेकीला निरोप द्यायला लावून मोकळी झालीस, मोठ्या बहिणीला एक फोन नाही. मी केला तर "बरी हाय, अक्का" एवढं बोलून ठेवून देतेस. वर तक्रार काय, तर मी फोनवर तुझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. बरं. नाताळात तू इथे होतीस तेव्हा ठरलं तसं आता पत्रानेच बोलू. कागदावर तू सलग चार पानं बोललीस तरी मला मधे तोंड घालता येणार नाही.

सध्या आमच्या गुरुवारच्या शास्त्राभ्यासापायी माझं डोकं उठलं आहे. ऑगस्टपासून आम्ही बायबलमधला यिर्मया संदेष्टा वाचतोय. बावन्न अध्याय, दर गुरुवारी एक, पहिल्यापासून शेवटापर्यंत, एक ओळही गाळायची नाही, हा माझा नियम. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, कधी धडा अर्धा टाकून पुढे गेले नाही. चर्चच्या मागच्या खोलीत चौदा माणसं जमतात. त्यांतली निम्मी वाचून येत नाहीत आणि उरलेली वाचलेलं विसरून येतात.

काल एकोणिसावा अध्याय होता. त्यात यिर्मया कुंभाराकडून एक भांडं विकत घेतो, गावच्या वडीलधाऱ्यांना वेशीबाहेर नेतो आणि त्यांच्यादेखत ते फोडतो. तुमच्या शहराचं असंच होणार, पुन्हा सांधता येणार नाही, म्हणतो. मला वाटलं, नुसतं वाचून हे यांच्या डोक्यात शिरणार नाही. म्हणून बाजारातून एक मडकं आणलं आणि चर्चच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर आपटलं. परिणाम काय झाला ऐक. शेजारच्या घरातली बाई धावत आली, "कोन गेलं हो तुमच्यातलं?" त्यांच्याकडे माणूस गेल्यावर मडकं फोडतात. तिची समजूत घालण्यात वीस मिनिटं गेली. झाडलोट करणाऱ्या सुंदराबाई माझ्यावर फुगून बसल्या. वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे खुशालराव, त्यांनी यिर्मया म्हणतो ते उत्तरेकडून येणारं संकट म्हणजे चीनच कसा, हे पुन्हा एकदा समजावलं. आणि सगळं झाल्यावर पार्बताबाई म्हणतात, "मॅडम, हे फोडाफोडी तं झाली, पन यात आपल्यासाठी चांगलं वचन कोनतं हाय?"

मी वही मिटली आणि चहा मागवला.

या सगळ्याचं मूळ तुला माहीत आहे. नव्या वर्षाच्या एक तारखेच्या उपासनेतल्या त्या बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्या. पेटीत हात घालायचा, एक ओळ ओढायची आणि वर्षभर ती उराशी धरून बसायचं. ती कोणी कोणाला म्हटली, कधी, कशासाठी, काही विचारायचं नाही. पार्बताबाईंनी आपली चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आहे. माझं चाललं तर ती पेटी मी सुंदराबाईंच्या चुलीत घालीन.

तू कशी आहेस? नाताळात नीट जेवत नव्हतीस. लिही.

तुझी
अक्का


अकोला
१८ जानेवारी २०२५

प्रिय अक्का, सलाम.

तुझं पत्र प्राजक्ताने मोठ्याने वाचून दाखवलं. मडक्याच्या प्रसंगाला ती इतकी हसली की तिची बार्शीटाकळीची गाडी चुकता चुकता राहिली. शाळेत सध्या तिच्यावर स्नेहसंमेलनाचं काम आहे, सकाळी सातला जाते ती दिवे लागायला येते. मी एकटीच असते. तुरीचे सोले आले आहेत, काल भाजी केली, तुझी आठवण काढली. यांचा फोटो भिंतीवरून काढून पुसला, काचेच्या आत कसर गेली होती.

चिठ्ठ्यांना इतकं हसू नकोस. सगळ्यांना तुझ्यासारखे बावन्न अध्याय पेलत नाहीत. घरकामात एक ओळ लक्षात राहिली तरी माणसाला दिवस काढता येतो. मलाही एक तारखेला तुमच्या पेटीतून छान वचन आलं, तेही यिर्मयाचंच, म्हणजे तुझ्याच माणसाचं. देवाच्या मनात तुमच्याविषयी वाईट नाही, भलं आहे, पुढे आशा आहे, अशा अर्थाचं. रोज सकाळी वाचते. पार्बताबाईंना माझा सलाम सांग.

तुझी
सुभद्रा

(कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने)

प्राजक्ता शाळेत गेली म्हणून आता लिहिते. अक्का, माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. दिवाळीच्या सुमाराला आंघोळ करताना हाताला लागली. तेव्हा बोराएवढी होती, आता मोठी आहे. दुखत नाही. नाताळात तुला सांगायचं म्हणूनच आले होते, पण तू सारखी कुठल्या ना कुठल्या अध्यायाची टिपणं काढत होतीस आणि माझं तोंड उघडलं नाही. प्राजक्ताला ठाऊक नाही. डॉक्टरकडे जायला मन घेत नाही, का ते तुला माहीत आहे. वचन मिळालं आहे, त्याच्यावर मी आहे. तरी तुला काय वाटतं ते लिही.


अमरावती
३१ जानेवारी २०२५

प्रिय सुभद्रे, सलाम.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मिळालं. मी चार पानं म्हटली होती, तू एक पाठवलंस आणि त्यातही सोले. असो.

पण ते चिठ्ठीचं वाचून मात्र मी चकित झाले. आमच्या पार्बताबाईंचं समजू शकते, तू माझी सख्खी बहीण. तुझी ओळ कुठली ते मला लगेच कळलं. अगं, ती ओळ ज्यात आहे तो अध्याय तू कधी वाचलास का? सगळं जग ती ओळ कपाटावर चिकटवतं आणि तिच्या वरच्या नऊ-दहा ओळी कोणी वाचत नाही. अर्धवट वाचणं हा खोटं बोलण्याचाच एक प्रकार आहे, हे मी वर्गात पोरांना सांगायचे, आता या वयात साठीच्या माणसांना सांगते आहे. ज्याला एका ओळीवर भागवायचं असतं त्याला देव नको असतो, गोळी हवी असते. पाण्याबरोबर घेतली की झालं.

काल बाविसावा अध्याय झाला. राजा लोकांना फुकट राबवून स्वतःचा महाल बांधतो, त्याला यिर्मया फटकारतो. मी विचारलं, आपल्यात असं कोण करतं? सुंदराबाई दारात उभ्या होत्या, त्या हसल्या फक्त. मग खुशालराव चीनवर गेले. चर्चचे पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, लोकं थकून येतात, थोडं गोड वाचा ना." मी म्हटलं, गोड वाचायचं असेल तर मिठाईवाल्याची पाटी वाचा. ते बरं दिसलं नसावं.

बाकी तू विशेष काही लिहिलं नाहीस, म्हणजे सगळं ठीक असणार. तब्येतीला जप.

तुझी
अक्का


बार्शीटाकळी
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

शाळेच्या स्टाफरूममधून लिहिते आहे. घरून फोन केला तर आई ऐकते, आपलं घर दोन खोल्यांचं. गुरुवारी शाळेतून केला तेव्हा तू "अभ्यास चालू आहे, मग बोल" म्हणून ठेवलास. मेसेज जात नाहीत, कारण सकाळी वचनं पाठवणाऱ्या सगळ्यांना ब्लॉक करता करता तू मलाही ब्लॉक केलं आहेस.

मावशी, तू आईच्या गाठीबद्दल काहीच का लिहिलं नाहीस? मला बुधवारी कळलं. ती कपडे बदलत होती, मी दार ढकललं. लिंबाएवढी आहे ती. मी रडले, ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "अक्काले मी जानेवारीतच लिहून सांगतलं. तिनं काहीच म्हटलं नाही. म्हंजे घाबराचं काम नाही. घाबराचं असतं तं अक्का चूप बसली असती का?"

तुझं एकतीस तारखेचं पत्र तिने मला दाखवलं. त्यात मिठाईवाला आहे, चीन आहे. गाठ नाही. तुला तिचं पत्र पूर्ण मिळालं होतं ना? तिला मी डॉक्टरकडे चल म्हटलं तर ती ती चिठ्ठी काढून दाखवते. मला काही सुचत नाही.

प्राजक्ता


अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

सुभद्रे,

प्राजक्ताचं पत्र मिळालं. तुझं पत्र पुन्हा काढलं, उलटं केलं. पाठीवर सगळं होतं. ते माझ्या टेबलावर, यिर्मयाच्या वहीखाली, तीन आठवडे पडून होतं आणि मी पान उलटलं नव्हतं.

पण असली गोष्ट कोणी पेन्सिलीने आणि पाठीमागे लिहितं का? सही झाल्यावर पत्र संपतं, असं मला वाटणारच. पहिल्या ओळीत का लिहिलं नाहीस? नाताळात दहा दिवस माझ्या शेजारच्या पलंगावर झोपत होतीस. माझ्या हातातली वही ओढून फेकली असतीस तरी चाललं असतं.

ते जाऊ दे. आता ऐक. मी सांगते तसं कर. रविवारी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला येते. सोमवारी आपण तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी सांगते, हे असलं हल्ली अर्ध्या बायकांना असतं, काढून टाकलं की पंधरा दिवसांत बाई पोळ्या लाटायला उभी राहते. काहीही होणार नाही, मी सांगते. चिठ्ठीबिठ्ठी बाजूला ठेव. देवाने डॉक्टर काय उगाच केले? आणि प्राजक्ताला रडवू नकोस. घाबरायचं नाही, मी सांगते ना.

अक्का


अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का, सलाम.

तू रविवारी आलीस तेव्हा मी पातूरला नणंदेकडे होते. प्राजक्ता तुला म्हणाली की चुकामूक झाली. ते खोटं. मी मुद्दाम गेले, आणि तू परत गेल्याचा तिचा फोन येईपर्यंत तिथेच थांबले.

तुझ्या पत्रात चार वेळा "मी सांगते" आहे. सहा वर्षांपूर्वीही तूच सांगितलं होतंस. यांना नागपूरला न्या, मी सांगते, दोन महिन्यांत आपल्या पायाने घरी येतील. ते मात्र रोज म्हणत होते, "मले घरी घेऊन चाल वं. मले आपल्या आंगनात बसू दे." मी त्यांचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. त्रेसष्ट दिवस त्या नळ्या. घरी आले ते गाडीतून झोपून, चादरीखाली. तू तेव्हा खूप केलंस, धावपळ केलीस, रक्ताची सोय केलीस, हे मी विसरले नाही. पण तुझ्या त्या खात्रीपायी माझ्या माणसाला आपल्या अंगणात मरता आलं नाही. हे मी सहा वर्षं बोलले नव्हते.

आणि त्या चिठ्ठीचं. तिला तू इतकी नावं ठेवतेस, पण तुझं तिच्याकडे लक्ष गेलं नाही वाटतं. पोस्टकार्ड कापून केलेली जुनी चिठ्ठी आहे ती, निळ्या शाईची. अक्षर तुझं आहे, अक्का. त्या पेटीतल्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तुझ्या आहेत. तुमच्याकडे ही चाल आणली ती तूच. प्राजक्ता पाळण्यात होती त्या वर्षी मी बाळंतपणाला तुझ्याकडे होते, तू लिहीत होतीस आणि मी कात्री धरली होती. तेव्हा मी तुला विचारलं होतं, ही ओळ नेमकी कोणाला म्हटली आहे? तू म्हणालीस, जो ओढेल त्याला. मी ते मनात ठेवलं. यंदा मी ओढली. आता तू म्हणतेस चुलीत घाल.

मी कोणत्या अक्काचं खरं धरू ते मला लिहून कळव. तोवर मला डॉक्टरकडे चल म्हणू नकोस.

सुभद्रा


अमरावती
१ मार्च २०२५

प्रिय सुभद्रे, सलाम.

तुझं पत्र वाचलं. पुढून आणि मागून.

प्रभाकररावांचं तू इतकी वर्षं मनात धरून होतीस हे मला आज कळतं आहे. नागपूरला न्यायचं डॉक्टरांनीही म्हटलं होतं, मी एकटीने नाही. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या असतील. पस्तिशीत माणूस पुष्कळ गोष्टी करतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईवरून तू आजच्या गाठीचा निर्णय करणार आहेस का? हे मला पटत नाही.

तुझ्यासाठी इथे काहीजण प्रार्थना करताहेत. प्राजक्ताकडे मी एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आहे. तिला तो वापरू दे.

अक्का


अकोला
९ मार्च २०२५

अक्का,

काहीजण म्हणजे चौदा.

काल पार्बताबाईंचं पोस्टकार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, पोस्टमनने वाचलं असणार, त्याने देताना माझ्याकडे पाहिलं नाही. "सुभद्राताई, मॅडमनी गुरुवारी तुमच्या छातीच्या गाठीचं सांगितलं, आम्ही सर्वांनी हात धरून प्रार्थना केली, ती विरघळली असंच समजा." परवा तुमच्या खुशालरावांचा फोन आला. विचारतात, गाठ कोणत्या बाजूची? मी काय उत्तर द्यायचं होतं त्या माणसाला?

मी तुला पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं, कारण मला ते कोणाला दिसायला नको होतं. आणि तू माझी छाती तुमच्या गुरुवारच्या खोलीत मडक्यासारखी मधोमध ठेवलीस. तुला त्यांच्याकडून काय हवं होतं? सगळ्यांनी मिळून मला समजवावं? त्यांनी उलटंच केलं ना?

आणि एक खरं सांगते, तुला लागेल. ते पोस्टकार्ड मला तुझ्या सगळ्या पत्रांपेक्षा गोड वाटलं. त्या बाईने मला काही शिकवलं नाही. मी ते उशीखाली ठेवलं आहे. पण गाठ विरघळलेली नाही, मी रोज बघते. आता तर हात वर करताना ओढ बसते. मला सगळ्यांचाच कंटाळा आला आहे. तुझा, पार्बताबाईंचा, माझासुद्धा.

आता काही दिवस लिहू नकोस.

सुभद्रा


अमरावती
२२ मार्च २०२५

सुभद्रे,

तू लिहू नकोस म्हणालीस. जवळपास दोन आठवडे लिहिलं नाही. आता लिहिते, वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

गटात तुझं नाव मी घेतलं. तुझ्या काळजीने नाही. मी तुझ्याशी भांडणात हरत होते आणि मला माझ्या बाजूने माणसं हवी होती. खुशालरावांना मी सगळ्यांसमोर बोलले, पण त्याने तुझं काही भरून येत नाही. चूक माझी आहे.

तेरा तारखेला अठ्ठाविसावा अध्याय होता. त्यात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. शत्रूने आपली माणसं बाबेल देशात धरून नेली आहेत, तर हा देवळात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, काळजी करू नका, दोन वर्षांत सगळे घरी येतील. लोक खूश होतात. यिर्मयासुद्धा आधी म्हणतो, तसं होवो. पण तसं होणार नसतं. पार्बताबाईंनी विचारलं, "मॅडम, हा हनन्या लबाड होता का हो?" मी म्हणायला गेले, हो, लबाडच. आणि वही मिटली. त्याला खरंच तसं वाटत असणार, सुभद्रे. लोक रडत होते आणि त्याला ते बघवत नसणार, म्हणून त्याने आकडा सांगून टाकला. दोन वर्षं. मी दोन महिने सांगितले होते. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू माझा हात धरून रडत होतीस आणि मी खात्रीने बोलले. मला काडीचं ठाऊक नव्हतं. प्रभाकरराव घरी न्या म्हणत होते हे मीही ऐकलं होतं. मीच नर्सला म्हणाले, ते बरळताहेत. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

परवा एकोणतिसावा झाला. तुझी चिठ्ठी त्यातली. तो जवळजवळ अख्खा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यिर्मयाने बाबेलातल्या त्या माणसांना पाठवलेलं. त्यात त्याने लिहिलं आहे की लवकर सुटका व्हायची नाही. तिथे घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि जे लवकर घरी याल म्हणतात त्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं लागतील. एवढं सगळं लिहून झाल्यावर तुझी ओळ येते. ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांतले बहुतेक तिथेच मेले असणार. त्या वर्षी चिठ्ठ्या लिहितानाही मला हे माहीत होतं. मी अध्याय वाचला होता. पण सत्तर वर्षांची चिठ्ठी ओढून कोणी खूश होणार नाही, म्हणून पत्र कापून मी गोड तेवढं घेतलं. अर्धवट वाचणाऱ्यांना मी शिव्या घालते. अर्धवट लिहून मी स्वतःच पेटीत टाकलं होतं.

तू विचारलं होतंस, कोणती अक्का खरी. दोघीही फार खात्रीने बोलल्या, एवढंच मला आता दिसतं.

ती गाठ कसली आहे, मला माहीत नाही. काढली तर तू बरी होशील का, मला माहीत नाही. नागपूरसारखं पुन्हा होईल का, तेही मला माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे. तू डॉक्टरकडे जावंस असं मला अजूनही वाटतं, पण दारात येऊन उभी राहणार नाही. बोलावलंस तर येईन.

वच्छला


अकोला
५ एप्रिल २०२५

अक्का, सलाम.

तुझं पत्र दोन दिवस तसंच ठेवलं, मग वाचलं. पाठ कोरी होती, तीही बघितली. मग प्राजक्ताला म्हटलं, चल. अठ्ठावीस तारखेला गेलो.

यिर्मयामुळे गेले असं समजू नकोस आणि तुमच्या गटात तसं सांगू नकोस. तू तीन वेळा "मला माहीत नाही" लिहिलंस. सत्तावन्न वर्षांत हे तुझ्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, तुला माहीत नाही, मलाही नाही, तर निदान काय आहे ते बघून तरी यावं. नर्सला तू जे म्हणालीस ते वाचून मी तुझं पत्र भिंतीवर फेकलं होतं. मग उचललं.

सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. काल रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. काखेतही पोचला आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दिवाळीपासून. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, जानेवारीत आल्या असत्या तर, आणि पुढचं बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्राजक्ता बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिली.

ते जानेवारीचं वाक्य तुला लिहावं की नाही, याचा मी काल दिवसभर विचार केला. लिहिते, कारण आता काही झाकून ठेवायची ताकद माझ्यात नाही. तुझा राग आहे मला. मी स्वतः पाच महिने काय केलं त्याचाही आहे. दोन्ही संपलेले नाहीत, आणि गुरुवारपर्यंत संपतील असं वाटत नाही.

ऑपरेशन गुरुवारी आहे, दहा तारखेला, सकाळी नऊला. आता एकही दिवस घालवायचा नाही म्हणाल्या. गटाला एवढंच सांग की या गुरुवारी तू नाहीस, कुठे चाललीस ते सांगू नकोस. आठच्या आत पोच. मला आत नेतील तेव्हा काहीतरी म्हणावंसं तुला वाटेल, तेव्हा तोंड बंद ठेव. बरी होशील असंही म्हणू नकोस. मी बाहेर येईपर्यंत प्राजक्ताजवळ बसून राहा.

तुझी
सुभद्रा